रामघाटावरची वही आणि कंपनीचा ताळेबंद



उज्जयिनी नगरीत क्षिप्रा नदीच्या काठी रामघाट आहे. बारा वर्षांनी येणाऱ्या सिंहस्थ पर्वातील स्नानाचा हा प्रमुख घाट. मागील सिंहस्थ २०१६ साली झाला, पुढील २०२८ साली आहे. महाराष्ट्रातील यात्रेकरूंना ही भूमी परकी नाही. अठराव्या शतकात राणोजी शिंदे यांनी येथे आपले ठाणे केले. त्यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी यांनी महाकालेश्वराच्या मंदिराचा जीर्णोद्धार करविला. आणि १८१० साली दौलतराव शिंदे यांनी राजधानी ग्वाल्हेरला नेईपर्यंत शिंद्यांच्या दौलतीची गादी याच नगरीत होती.

येथील तीर्थपुरोहितांकडे यजमान घराण्यांच्या वंशावळींच्या वह्या असतात. यात्रेकरूने गाव, कुळ व आडनाव सांगावे, पुरोहिताने लांबट वहीचे बासन सोडावे, आणि पणजोबा कोणत्या साली, कोणाबरोबर, कोणत्या निमित्ताने येथे येऊन गेले ते वाचून दाखवावे, हा अनुभव अनेकांनी घेतलेला आहे. या वह्यांना कोणी सनदी लेखापाल नाही. तरीही त्यांच्यावर लोकांचा विश्वास बसतो, याची कारणे साधी आहेत. ज्याच्याविषयी नोंद होते तो मनुष्य नोंदीच्या वेळी समोर बसलेला असतो. पुष्कळदा सहीदेखील त्याचीच असते. आणि पुढेमागे त्याचा मुलगा किंवा नातू येऊन ती नोंद वाचणार, हे लिहिणाऱ्याला ठाऊक असते. नोंदीच्या पलीकडे एक जिवंत माणूस उभा आहे, ही त्या वहीची खरी तपासणी होय.

आजच्या मोठ्या कंपनीच्या हिशेबात नेमके हेच दुर्मीळ झाले आहे. भागधारक एका राज्यात, कारखाना दुसऱ्या राज्यात, ग्राहक परदेशात आणि कर्ज देणारी बँक आणखी कोठे, अशा स्थितीत सर्वांच्या हाती एकच गोष्ट पडते, ती म्हणजे छापील ताळेबंद. 'आमच्याकडे शेअर नाहीत, आम्हांला त्याचे काय?' असे ग्रामीण भागात म्हटले जाते. परंतु आयुर्विमा महामंडळाचा हप्ता भरणारा शेतकरी आणि भविष्य निर्वाह निधीत पैसे कापले जाणारा कामगार हे दोघेही अप्रत्यक्षपणे कंपन्यांचे धनको किंवा भागीदार असतात. महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ नंतर शासकीय सेवेत आलेल्या ज्या शिक्षकांची व कर्मचाऱ्यांची वर्गणी राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेत जमा होत आली, त्यांच्या पैशाचाही काही भाग रोख्यांत व भागभांडवलात गुंतविला जातो. २०१८ साली मुंबईतील आयएल अँड एफएस हा वित्तसमूह कर्जफेड करू शकला नाही, तेव्हा ज्यांचे पैसे अडकले त्यांत अनेक भविष्य निर्वाह निधी होते. पुढे त्या समूहाच्या मागील पाच वर्षांच्या हिशेबाच्या वह्या पुन्हा उघडून लिहिण्यास कंपनी न्यायाधिकरणाने १ जानेवारी २०१९ रोजी परवानगी दिली. एवढ्या मोठ्या संस्थेचे लेखापरीक्षित ताळेबंद पुन्हा लिहावे लागावेत, ही घटना लहान नव्हे.

खोटा हिशेब आणि सजविलेला हिशेब यांत फरक आहे, तो आधी समजून घेतला पाहिजे. इंग्रजीत ज्यास 'क्रिएटिव्ह अकाउंटिंग' म्हणतात, त्यास मराठीत हिशेबातील कलाकुसर म्हटल्यास अर्थ ध्यानात यावा. नफा हा आकडा रोख रकमेसारखा मोजून घेता येत नाही. तो काही अंशी अंदाजाने ठरतो. दहा लाख रुपयांचे यंत्र दहा वर्षे टिकेल असे धरले, तर दरसाल एक लाख रुपये घसारा पडतो. तेच वीस वर्षे टिकेल असे ठरविले, तर घसारा पन्नास हजार होतो, आणि एक रुपयाही जास्त न मिळविता त्या वर्षीचा नफा पन्नास हजारांनी वाढलेला दिसतो. तद्वतच फवारणीचे पंप बनविणारा कारखाना मार्चच्या अखेरीस पाचशे पंप विक्रेत्यांकडे पाठवितो, 'न खपल्यास एप्रिलमध्ये परत घेऊ' असे तोंडी सांगतो, आणि सगळी रक्कम विक्री म्हणून दाखवितो. गाडी खरोखर गेली, बिल खरोखर फाटले. मात्र विक्री झालेली नाही. अमेरिकेतील वर्ल्डकॉम या दूरध्वनी कंपनीने २००२ साली जाहीर केले की, नित्याचा खर्च मालमत्ता म्हणून लिहिल्यामुळे ३८० कोटी डॉलरची गफलत झाली आहे. म्हणजे जो पैसा गेला तोच तिजोरीत आहे असे दाखविले गेले. कलाकुसर कोठे संपते व लबाडी कोठे सुरू होते, ती रेषा फार बारीक असते आणि बहुतेक जण ती एका रात्रीत ओलांडीत नाहीत.

हे आधुनिक काळाचे पाप आहे असेही नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात अधिकाऱ्यांनी राजद्रव्याचा अपहार करण्याचे चाळीस प्रकार गणले आहेत. आधी झालेली प्राप्ती नंतर दाखविणे आणि नंतर होणारी प्राप्ती आधी दाखविणे, हे दोन प्रकार त्या यादीत आहेत. आजचे लेखापाल ज्यास नफ्याचे नियोजन म्हणतात, त्याचे मर्म याहून वेगळे नाही.

आपल्या गावातही याचे एक घरगुती रूप नांदत आले आहे. शेतकरी त्यास 'नवं-जुनं' म्हणतात. मार्चअखेर आली की थकलेला सभासद कोठून तरी हातउसने आणतो, प्रसंगी सावकाराकडून चार दिवसांसाठी व्याजाने आणतो, सोसायटीचे पीककर्ज भरतो, आणि थोड्याच दिवसांत तेच कर्ज नव्या तारखेने उचलून ज्याचे त्याला परत करतो. काही ठिकाणी तर पैसा हलतही नाही, केवळ कागद हलतात. वसुलीची टक्केवारी उत्तम दिसते. शेतकऱ्याच्या अंगावरचे कर्ज मात्र होते तेवढेच राहते, किंबहुना सावकाराच्या व्याजाने थोडे वाढतेच. वेळेवर फेडीवर व्याजाची सवलत अवलंबून असल्यामुळे शेतकऱ्याला दोष देणे योग्य होणार नाही. मार्चअखेरची धावपळ शासकीय कचेऱ्यांनाही अपरिचित नाही, हे येथे मोकळेपणाने म्हटलेले बरे. मुद्दा एवढाच की, जे गावच्या सोसायटीत लाखांत होते, तेच मोठ्या संस्थेत हजारो कोटींत होऊ शकते.

ते किती होऊ शकते, हे हैदराबादच्या सत्यम कॉम्प्युटर्स या कंपनीने देशाला दाखविले. ७ जानेवारी २००९ रोजी कंपनीचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी संचालक मंडळाला पत्र लिहिले. पत्रातील कबुलीप्रमाणे, ३० सप्टेंबर २००८ च्या ताळेबंदात रोख व बँकेतील शिल्लक ५,३६१ कोटी रुपये दाखविली होती. त्यांपैकी ५,०४० कोटी रुपये अस्तित्वातच नव्हते. नसलेल्या ठेवींवर ३७६ कोटी रुपयांचे व्याजही येणे दाखविले होते. त्या तिमाहीत उत्पन्न २,७०० कोटी आणि व्यवसायातील नफा ६४९ कोटी असल्याचे जाहीर झाले होते. प्रत्यक्षात उत्पन्न २,११२ कोटी आणि नफा अवघा ६१ कोटी होता. आरंभी खरा नफा आणि दाखविलेला नफा यांतील अंतर थोडे होते, पुढे ते वर्षागणिक वाढत गेले, असे पत्रात म्हटले होते. एका तिमाहीत थोडा नफा फुगविला की पुढच्या तिमाहीत तो फुगवटा टिकवून त्यावर आणखी वाढ दाखवावी लागते. डिसेंबर २००८ मध्ये कुटुंबाशी संबंधित मायटास कंपन्या विकत घेण्याचा घाट घातला गेला, तो खोट्या मालमत्तेच्या जागी खरी मालमत्ता बसविण्याचा अखेरचा प्रयत्न होता, असेही त्यात नमूद होते. भागधारकांच्या विरोधामुळे तो फसला.

याच कंपनीला सप्टेंबर २००८ मध्ये, म्हणजे कबुलीच्या चारच महिने आधी, उत्तम कंपनी प्रशासनाचा सुवर्ण मयूर पुरस्कार मिळाला होता.

लेखापरीक्षण झाले नव्हते काय? झाले होते, नावाजलेल्या संस्थेकडून झाले होते. अमेरिकेच्या रोखे बाजार आयोगाने २०११ साली जो ठपका ठेवला, तो अभ्यासनीय आहे. बँकेत किती शिल्लक आहे याची खात्री लेखापरीक्षकाने स्वतः बँकेला विचारून करावयाची असते. येथे ती पत्रे पाठविण्याचे व उत्तरे आणण्याचे काम कंपनीच्याच हाती सोपविण्यात आले. ज्याची तपासणी करावयाची त्यालाच साक्षीदार आणण्यास सांगितले, आणि नोंदीच्या पलीकडे बसलेल्या बँकेला थेट कोणी विचारले नाही. एप्रिल २००९ मध्ये टेक महिंद्र या महाराष्ट्रातील कंपनीने सत्यमचा ताबा घेतला व हजारो अभियंत्यांच्या नोकऱ्या टिकल्या. एप्रिल २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने राजू यांच्यासह दहा जणांना सात वर्षांची शिक्षा सुनावली. पुढल्याच महिन्यात अपिलात तिला स्थगिती मिळाली.

हैदराबाद दूर वाटत असेल, तर मुंबईचे उदाहरण घ्यावे. पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँक ही १९८४ साली सुरू झालेली नागरी सहकारी बँक होती. रिक्षाचालक, दुकानदार, निवृत्त नोकरदार आणि कित्येक लहान गृहनिर्माण संस्था तिच्या ठेवीदार होत्या. २३ सप्टेंबर २०१९ रोजी रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले, आणि ठेवीदाराला खात्यातून एकूण एक हजार रुपयेच काढता येतील असा आदेश निघाला. शाखांसमोर जे दृश्य दिसले त्याचे वर्णन करण्याचे कारण नाही. नंतर ही मर्यादा टप्प्याटप्प्याने वाढवून एक लाखापर्यंत नेण्यात आली.

त्यानंतर बँकेच्या तत्कालीन व्यवस्थापकीय संचालकांनी रिझर्व्ह बँकेला लिहिलेले पत्र उजेडात आले. त्यानुसार, एका गृहबांधणी समूहाची व इतरांची मिळून ४४ मोठी कर्जखाती थकली होती. ती थकीत म्हणून दाखविली असती, तर नफा बुडाला असता व नियामकाची कारवाई ओढवली असती. म्हणून तपासणीसाठी दिलेल्या यादीत त्या ४४ खात्यांच्या जागी २१,०४९ काल्पनिक खाती घालण्यात आली. ही बहुतांशी ठेवींच्या तारणावरील लहान कर्जे म्हणून दाखविल्याने त्यांची तपासणी झाली नाही, असेही पत्रात आहे. या क्लृप्तीकडे अधिकाऱ्यांनी व शिक्षकांनी बारकाईने पाहावे. मोठा खोटा आकडा लपविण्यासाठी तो मोडून एकवीस हजार लहान आकड्यांत विखुरला गेला. कारण तपासणीसाची नजर मोठ्या आकड्यांवर असते, हे लपविणाऱ्यांना माहीत होते. त्या एकवीस हजारांपैकी शंभर जणांना जरी एकेक साधे कार्ड पाठवून 'आपण हे कर्ज घेतले आहे काय?' असे विचारले असते, तरी उत्तर देणारा कोणीच नाही, हे उघड झाले असते.

ठेव विमा तेव्हा केवळ एक लाख रुपयांचा होता. ४ फेब्रुवारी २०२० पासून तो पाच लाख करण्यात आला. २०२० साली बँकिंग नियमन कायद्यात दुरुस्ती होऊन सहकारी बँकांवरील रिझर्व्ह बँकेचे अधिकार वाढले, आणि २०२१ च्या दुरुस्तीने निर्बंध आलेल्या बँकेच्या ठेवीदाराला विम्याची रक्कम नव्वद दिवसांत मिळण्याची तरतूद झाली. ही बँक २५ जानेवारी २०२२ रोजी युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन करण्यात आली. पाच लाखांहून अधिक ठेव असलेल्या ठेवीदारांची उर्वरित रक्कम दहा वर्षांपर्यंत हप्त्याहप्त्याने फेडण्याची ती योजना आहे. सत्तरीतील माणसाला दहा वर्षांचा वायदा म्हणजे काय, हे सांगण्यास हिशेबतज्ज्ञ लागत नाही.

कंपन्यांच्या बाबतीतही कायदा स्वस्थ बसलेला नाही. कंपनी कायदा, २०१३ अन्वये शेअर बाजारात सूचिबद्ध असलेल्या कंपनीला तोच लेखापरीक्षक अनिश्चित काळ ठेवता येत नाही. एक कोटी रुपये किंवा त्याहून अधिक रकमेची अफरातफर आढळल्यास लेखापरीक्षकाने ती केंद्र शासनाला कळविली पाहिजे. लेखापरीक्षकांवर देखरेख ठेवण्यासाठी राष्ट्रीय वित्तीय अहवाल प्राधिकरण ऑक्टोबर २०१८ पासून अस्तित्वात आले. आणि १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या संगणकीय हिशेबात प्रत्येक फेरफाराची खूण राहिली पाहिजे, म्हणजे नोंद कशी आणि केव्हा बदलली ते पुसता येता कामा नये, असा नियम लागू झाला आहे. जुन्या वहीत खाडाखोड डोळ्यांना दिसत असे. संगणकाने ती अदृश्य केली होती, ती या नियमाने पुन्हा दृश्य झाली.

तथापि नियम वाचणारा कोणी हवा. ताळेबंद हाती आल्यास वाचकाने नफ्याच्या आकड्यावर न थांबता रोख प्रवाहाचे पत्रक पाहावे. नफा दरसाल वाढतो, पण धंद्यातून रोख पैसा येत नाही. विक्रीपेक्षा येणे रक्कम वेगाने वाढते. लेखापरीक्षक मुदतीपूर्वी राजीनामा देतो. संचालकांच्या नातलगांच्या कंपन्यांशी व्यवहार वाढतात. यांपैकी काहीही दिसल्यास प्रश्न विचारावा. सत्यमचा धडा असा की, रोख शिल्लकदेखील कागदावरची असू शकते.

गावपातळीवर हे काम सोपे आहे आणि ते सभासदांनाच करता येते. विविध कार्यकारी सोसायटी, दूध संस्था, शिक्षकांची पगारदार पतसंस्था यांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा सामान्यतः ३० सप्टेंबरपूर्वी होतात. तेथे लेखापरीक्षण अहवाल वाचला गेला पाहिजे, केवळ 'वाचल्याचे समजण्यात आले' असे होऊ नये. लेखापरीक्षक येतो तेव्हा सभासदांच्या पासबुकातील बाकी आणि संस्थेच्या खतावणीतील बाकी ताडून पाहिली जाते. त्या वेळी पासबुक घरी राहू देऊ नये, आणि शिल्लक मान्य असल्याच्या कागदावर आकडा वाचल्याखेरीज सही करू नये. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ३२ अन्वये प्रत्येक सभासदाला संस्थेच्या कार्यालयात जाऊन मागील लेखापरीक्षित ताळेबंद, नफा-तोटा पत्रक, सर्वसाधारण सभांची इतिवृत्ते आणि वह्यांतील ज्या भागात त्याच्या स्वतःच्या व्यवहारांची नोंद आहे तो भाग विनामूल्य पाहण्याचा हक्क आहे. ठरावीक फी भरल्यास त्याची नक्कलही मिळते.