वाचनालयातील चित्रपट आणि नंतरचे बोलणे

अमरावतीहून परतवाड्याच्या रस्त्याने निघाले म्हणजे वलगाव लागते, आणि तेथेच पेढी नदीचा पूल आहे. गाडगे महाराजांना अमरावतीकडे नेत असता २० डिसेंबर १९५६ रोजी त्यांनी येथेच देह ठेवला. वऱ्हाडात ही हकीकत लहान मुलासही ठाऊक असते. परंतु महाराजांच्या कीर्तनाची रीत मात्र हळूहळू ऐकीव होत चालली आहे. गावात शिरताच खराट्याने रस्ते झाडावयाचे आणि रात्री त्याच गावाला प्रश्न विचारावयाचे, असा त्यांचा परिपाठ होता. देव, कर्ज, दारू, मुलांची शाळा अशा विषयांवर वऱ्हाडी बोलीत एकामागून एक प्रश्न येई, आणि उत्तर श्रोत्यांच्याच तोंडून वदवून घेतले जाई.

वाचनालयात जुने चित्रपट दाखवून त्यांवर चर्चा घडवावी, असे ज्यांना वाटते त्यांनी ही रीत ध्यानात घ्यावी. पडदा, यंत्र आणि अंधार यांची सोय कशीही होते. खरी अडचण पुढची आहे. दिवे लागतात, मंडळी चपला शोधू लागतात, आणि एखादे विद्वान गृहस्थ उभे राहून अर्धा तास भाषण करतात. त्यास चर्चा म्हणणे म्हणजे शब्दाची थट्टा होय.

जुन्या चित्रपटांचे मोठे भांडार आपल्याकडे पुण्यास आहे. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली स्थापन झाले आणि पी. के. नायर यांनी ते आपल्या परिश्रमाने उभे केले. जुनी फीत ज्वालाग्राही. शिवाय तिच्यातील चांदीच्या लोभाने कित्येक मूकपट नष्ट करण्यात आले. जे वाचले त्यांत दादासाहेब फाळके यांचा १९१९ सालचा ‘कालिया मर्दन’ आहे. त्याच्या आरंभी फाळक्यांची कन्या मंदाकिनी प्रथम साध्या रूपात चेहऱ्यावरील नाना भाव दाखविते आणि मगच कृष्णाच्या वेषात येते. देव दाखविण्यापूर्वी फाळक्यांनी ती मुलगी का दाखविली? एवढा एक प्रश्न टाकला तरी शाळकरी पोरापासून आजोबांपर्यंत सर्वांस बोलता येईल.

खेड्यातील माणसास असले चित्रपट रुचत नाहीत, हा आक्षेप कर्नाटकातील हेग्गोडू या गावाने खोटा पाडला आहे. सुपारीच्या बागांचा तो मुलूख, तेथे के. व्ही. सुब्बण्णा यांच्या ‘निनासम्’ संस्थेने १९७० नंतरच्या दशकात पुण्याच्या संग्रहालयातील चित्रपट आणवून ‘पथेर पांचाली’ आणि जपानी ‘राशोमोन’ बागाईतदारांपुढे मांडले. चित्रपट कसा पाहावा हे शिकविण्यास प्राध्यापक सतीश बहादूर यांच्यासारखे अध्यापक तेथे गेले. ‘पथेर पांचाली’तील दृश्य न् दृश्य उकलून दाखविण्यात त्यांचा हातखंडा होता.

वलगावासारख्या गावाच्या वाचनालयाने आरंभ कोठून करावा? राजदत्त दिग्दर्शित ‘देवकीनंदन गोपाला’ हा १९७७ सालचा चित्रपट आहेच. त्यात श्रीराम लागू यांनी गाडगेबाबांची भूमिका केली आहे. रीतसर परवानगी घेऊन तो दाखवावा आणि लगेच बाबांचे १९५६ सालचे मुंबईतील वांद्रे येथील ध्वनिमुद्रित कीर्तन ऐकवावे. एकीकडे नटाने उभे केलेले बाबा, दुसरीकडे त्यांचा स्वतःचा आवाज. नट थोर आहे यात शंका नाही. परंतु दोहोंत अंतर कोठे पडते, हे सांगण्याचा अधिकार समोर बसलेल्यांचा आहे. ज्यांनी बालपणी ते कीर्तन प्रत्यक्ष ऐकले, असे लोक आता ऐंशीच्या आसपास असणार, आणि त्यांची संख्या दरवर्षी घटत आहे.

म्हणून चर्चा चालविणाऱ्याने स्वतःचे मत खिशात ठेवावे. प्रथम ‘काय दिसले, काय ऐकू आले’ एवढेच विचारावे. ‘आवडले का’ हा प्रश्न मागाहून. कोणी म्हातारे गृहस्थ मागल्या रांगेतून ‘बाबा असे बोलत नसत’ म्हणून पुटपुटले, तर त्यांस पुढे बोलावून घ्यावे आणि ‘मग कसे बोलत?’ असे विचारून थांबावे. ते जे सांगतील ते ग्रंथपालाने त्यांच्याच बोलीत, शब्द न सुधारता, तारखेसह वहीत उतरून घ्यावे, आणि ती वही पुस्तकांच्या कपाटातच ठेवावी.