मीठ, साखर आणि पद्मविभूषण



डॉ. दिलीप महालनबीस १६ ऑक्टोबर २०२२ रोजी कोलकात्यात वारले. पुढच्याच जानेवारीत भारत सरकारने त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर केले. स्वीडनच्या विज्ञान अकादमीने त्यांना १९९४ सालीच आपले सभासद करून घेतले होते. मग आपल्यालाच एवढा उशीर का लागला?

१९७१ साली पूर्व बंगालमधून लक्षावधी निर्वासित सीमा ओलांडून आले. बनगावच्या छावणीत पटकी पसरली. पटकीचा रोगी मरतो तो अंगातले पाणी आणि क्षार वाहून गेल्यामुळे. शिरेतून द्यायचे सलाइन संपत आले. ते देणारी शिकलेली माणसेही थोडीच. ग्लुकोजच्या सोबतीने मीठ व पाणी आतड्यात शोषले जाते, हे शास्त्रज्ञांना तोवर कळले होते. ढाक्याच्या इस्पितळात १९६८ साली रोग्यांवर त्याची प्रचीतीही आली होती. महालनबीसांनी तेच ज्ञान छावणीत आणले. लिटरभर पाण्याला २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ, अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा. कलकत्त्यात पुड्या बांधल्या, पिंपांत पाणी कालवले आणि ते पाजण्याचे काम रोग्याच्या आईवर, भावावर सोपवले. जिथे शेकडा ३० माणसे मरत होती, तिथे हे प्रमाण शेकडा चारच्या खाली आले.

उशिराचे कारण मला इथेच दिसते. औषध स्वयंपाकघरातले आणि देणारे हात अडाणी! कामगारांत वावरताना मी हे नेहमी पाहिले आहे. साध्या हातांनी होणाऱ्या कामाची किंमतही साधीच धरतात.

कोणी म्हणेल, मेलेल्याला मानाचे काय? खरे आहे. नुकसान त्यांचे नाही, आपले आहे. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात जुलाब झालेल्या दर शंभर लहान मुलांपैकी सुमारे साठांनाच क्षारसंजीवनी मिळाली. उरलेल्या चाळिसांच्या घरी मीठ नव्हते काय?

म्हणून माझी एकच विनंती. उकळून गार केलेले एक लिटर पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. पुडी हाताशी नसेल तेव्हा हे माप उपयोगी पडते. ते पाजत राहा आणि रोगी मलूल होऊ लागला तर दवाखाना गाठा. आज घरी गेल्यावर हे माप शेजारणीला सांगा. दिल्लीने आपला मान दिला. आपण द्यायचा तो हाच.