फळ्याजवळ कोण जाणार?

(विहाराच्या वर्धापनदिनी शिरूर कासार येथे दिलेले भाषण)



मला आज ‘विद्यार्थ्यांचा विकास आणि शिकविण्याच्या पद्धती’ हा विषय दिलेला आहे. विषय मोठा आहे, आणि मी पडलो जिनिंग मिलमधला कामगार. डी.एड., बी.एड. सोडाच, दहावीच्या पुढे मी शाळेचं तोंड पाहिलं नाही. जे वाचलं ते पाळी संपल्यावर, सरकीच्या ढिगाला पाठ टेकून वाचलं. तेव्हा मी शास्त्र सांगणार नाही. आपल्या विहारात संध्याकाळी जो अभ्यासवर्ग चालतो, त्यात आम्ही कुठं चुकलो आणि काय शिकलो, तेवढंच सांगतो.

पहिली चूक माझीच आहे. आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. पाडवा झाला होता, ऊसतोडीला गेलेली माणसं परत आली होती. एक पाचवीतला मुलगा वर्गाला आला. दिवाळीपासून तो आई-बापाबरोबर फडावर होता. कोपीवर राहून तान्ह्या बहिणीला सांभाळत होता. मी त्याच्या हातात पुस्तक दिलं आणि मोठ्यानं वाच म्हणालो. जोडाक्षर आलं की तो अडकायचा. मला राग आला. सगळ्यांसमोर म्हणालो, ‘‘पाचवीत गेलास अन् वाचता येत नाही? बाबासाहेबांचं नाव सांगतोस कशाला?’’ पोरं हसली. दुसऱ्या दिवसापासून तो आला नाही. पुढच्या हंगामात आजी त्याला गावात ठेवून घ्यायला तयार होती, तरी तो फडावर गेला. त्याच्या आईनं मला सांगितलं, ‘‘दादा, ते म्हणतंय, तिथं मला कुणी हसत न्हाई.’’

बांधवांनो, बाबासाहेब मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिकत होते, तेव्हाचा प्रसंग आपल्याला पाठ आहे. गुरुजींनी त्यांना गणित सोडवायला फळ्याकडे बोलावलं, आणि फळ्यामागे ठेवलेले डबे बाटतील म्हणून मुलांनी एकच गोंधळ केला. हा प्रसंग मी कितीतरी सभांत सांगितला असेल. पण माझ्याच वर्गात, बाबासाहेबांच्या फोटोखाली, मी एका लेकराला फळ्यापासून लांब लोटलं. मी ते जातीनं केलं नाही, जिभेनं केलं. लेकराला लागायचं तेवढं लागलंच.

मग मी भगवान बुद्धांकडे पुन्हा एकदा शिक्षक म्हणून पाहिलं. चुल्लपंथक नावाचा भिक्खू होता. चार महिने झाले तरी त्याला एक गाथा पाठ होईना. सख्खा थोरला भाऊ महापंथक, त्यानंच त्याला विहारातून जायला सांगितलं. बुद्धांनी त्याला परत बोलावलं आणि हातात एक स्वच्छ कापड दिलं. हे हाताने चोळत राहा आणि मळ जावो एवढंच म्हणत राहा, असं सांगितलं. चोळता चोळता कापड मळलं, आणि अनित्यता म्हणजे काय ते त्याला आपल्या डोळ्यांनी दिसलं. जो पाठांतरात नापास झाला तो अर्हत झाला. किसा गोतमीलाही बुद्धांनी प्रवचन दिलं नाही, मोहरी आणायला घरोघर पाठवलं. आज ज्याला कृतीतून शिक्षण म्हणतात, ते आणखी वेगळं काय आहे?

आमच्या मिलमध्येही तसंच असतं. नवा पोरगा आला की त्याला कोणी मशीनचं पुस्तक वाचून दाखवत नाही. जुना कामगार त्याला शेजारी उभा करतो. रुई कशी सुटते, सरकी कुठं पडते, हात कुठं घालायचा नाही, हे दाखवतो. मग त्याच्याकडून करवून घेतो आणि चुकला तर पुन्हा दाखवतो. हे मला रोज दिसत होतं, पण वर्गात आलो की मी ते विसरत होतो.

यानंतर आम्ही वर्गाची रीत बदलली. चार गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट, इयत्ता विचारायची नाही. अक्षर ओळखणारे एका गटात, शब्द वाचणारे दुसऱ्या, वाक्य वाचणारे तिसऱ्या आणि उतारा वाचणारे चौथ्या गटात. जिथं लेकरू आहे तिथून त्याला पुढं न्यायचं. ‘प्रथम’ या संस्थेनं ही पद्धत देशात पुष्कळ ठिकाणी वापरली आहे. जो पुढच्या गटात जातो, तो मागच्याला शिकवतो. फळ्याजवळ जोडीनं जायचं, म्हणजे भीती निम्मी होते.

दुसरी गोष्ट, गणित आपल्या घरातलं घ्यायचं. समजा एका कोयत्यानं सत्तर हजार उचल घेतली. टनाला ३५० रुपये धरा आणि रोज दोन टन तोड धरा. दिवसाचे झाले ७०० रुपये. उचल फिटायला १०० दिवस. मध्ये पाच दिवस आजारपणात गेले आणि खाड्याचे रोजी ५०० रुपये लावले तर? अडीच हजार वाढले, म्हणजे आणखी चार दिवस तोड. हे गणित मांडताना लेकरं अशी गप्प होतात की बस्स! कारण ते गणित त्यांच्या आई-बापाचं असतं.

तिसरी गोष्ट, आपलं आपण लिहायचं. जोतीराव-सावित्रीमाईंच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या मातंग मुलीनं महार-मांगांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. तिनं गाईवर निबंध लिहिला नाही. आमची मुलंही फडावरच्या सकाळीबद्दल, कोपीबद्दल, सिंदफणेबद्दल लिहितात. शुद्धलेखन नंतर तपासतो, आधी मजकूर वाचतो.

चौथी गोष्ट, प्रत्येकानं रोज एक प्रश्न विचारायचा. केवळ परंपरा आहे म्हणून किंवा गुरू सांगतो म्हणून मानू नका, असं बुद्धांनी कालामांना सांगितलं. मग आमच्या वर्गात मी सांगतो म्हणून कोणी का मानावं?

महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन दिलं. बारा वर्षांपर्यंतचं शिक्षण सक्तीचं करा, त्यात हिशेब, शेतीची आणि आरोग्याची माहिती द्या, नांगराची मूठ धरायला लाजणार नाहीत असे शिक्षक तयार करा, अशी त्यांची मागणी होती. पुढे २००९ साली शिक्षण हक्क कायदा झाला. त्यातलं कलम ४ सांगतं की शाळा सुटलेल्या मुलाला वयानुसार वर्गात घ्या आणि मागचं भरून काढायला खास शिकवा. कलम १७ मुलाला मारायला आणि मानसिक त्रास द्यायला मनाई करतं. मी त्या मुलाला जे बोललो, ते कायद्यातसुद्धा बसत नाही.

म्हणून माता-भगिनींनो, तीन विनंत्या करतो. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांच्या असतात. तिथं नुसता अंगठा, नुसती सही नको, बोला. उचल घेण्याआधी, दसऱ्यालाच शाळेत जाऊन विचारा की यंदा हंगामी वसतिगृहाची सोय आहे का, आणि लेकरू कुठं राहील ते ठरवा. आणि घरी लेकराला ‘किती मार्क पडले’ असं विचारू नका, ‘आज काय विचारलंस’ असं विचारा.

तो मुलगा वर्गात परत आला नाही. आज तो स्वतः कोयता घेऊन जातो. पण ज्या बहिणीला त्यानं कोपीवर सांभाळलं, ती आता पाचवीत आहे, आजीजवळ राहते आणि आपल्या वर्गाला येते. मागच्या पाडव्याला तिनं भावाचा हिशेब या फळ्यावर मांडला. मुकादमाच्या वहीत दोन खेपा कमी लागल्या होत्या. भावानं जाऊन विचारलं. एक मान्य झाली, एक नाही झाली. हिशेब मांडून झाला तेव्हा तो दारात उभा होता. मी म्हणालो, ‘‘ये की आत.’’ तो म्हणाला, ‘‘राहू द्या काका, तिला शिकवा.’’

त्याची माफी मी त्या दिवशी मागायला पाहिजे होती. ती आज तुमच्या सगळ्यांसमोर मागतो, आणि माझे दोन शब्द संपवतो.

जयभीम! नमो बुद्धाय!