भीतीला तिकीट, धोका फुकट: बाळापूर ते मुंबईचं भूतघर

(या भागाचं हे लिखित रूप. बोलताना आलं तसंच ठेवलंय, फक्त अडखळणं आणि चहाचे घोट काढून टाकलेत.)

आजच्या भागात भुतं आहेत, पाच दोस्त आहेत, एक गाडी आहे आणि समृद्धी महामार्ग आहे. रात्री हेडफोन लावून ऐकत असाल तर बिनधास्त ऐका. मध्येच किंकाळी वगैरे टाकलेली नाही.

सुरुवातीलाच एक प्रश्न देऊन ठेवतो. भीती आणि धोका, या दोन गोष्टी एकच आहेत का? म्हणजे जिथं भीती वाटते तिथं धोका असतोच का? आणि जिथं काहीच वाटत नाही, तिथं सगळं ठीक असतं का? उत्तर लगेच देऊ नका. आधी आमची ट्रिप ऐका.

आम्ही बाळापूरचे. म्हणजे भुतांची आम्हाला टंचाई नाही. मन आणि म्हैस नद्यांच्या संगमावर आमचा किल्ला उभा आहे, १७५७ मध्ये पूर्ण झालेला. नदीकाठाला मिर्झाराजे जयसिंगांची छत्री आहे. एवढं जुनं गाव म्हटल्यावर गोष्टी असणारच. पिंपळावर मुंजा, पडक्या विहिरीत हडळ, आणि रात्री वावरातून येताना लागणारा चकवा, म्हणजे माणूस रातभर चालतो आणि पहाटे पाहतो तर त्याच धुऱ्यावर उभा. लहानपणी लाईट गेली की हाच आमचा टाईमपास होता.

त्यामुळे मुंबईच्या मॉलमधलं भूतघर पाहायला जायचं ठरलं, तेव्हा एका दोस्ताची माय म्हणाली, "गावातले भूतं फुकट हायेत, ते पाह्यले का आधी? साडेपाचशे किलोमीटर जाऊन पैसे देऊन काहून भेता रे पोट्टेहो?" आम्ही हसलो. मग तिनं अट घातली: "जायचं तर जा. पण रातच्याले गाडी चालवायची नाई." ही अट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पहाटे निघालो. बाळापूरहून खामगाव, तिथून जानेफळमार्गे मेहकर, आणि मेहकरला समृद्धीवर चढलो. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटरचा हा रस्ता. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर ते शिर्डी सुरू झाला आणि जून २०२५ मध्ये शेवटचा इगतपुरी ते आमणे हा तुकडा खुला झाला. दुचाकीला आणि ऑटोला बंदी, कारला ताशी १२० ची मर्यादा. इगतपुरीजवळ जवळपास आठ किलोमीटरचा बोगदा आहे. त्यात शिरल्यावर आमच्यातला एकजण म्हणाला, "भूतघर इथंच हाय लेका, तिकिटाचे पैसे वाचले!"

आता भूतघर या प्रकाराबद्दल थोडं. हे काही काल-परवा निघालेलं नाही. इंग्लंडमध्ये १९१५ सालचं जत्रेतलं एक 'घोस्ट हाऊस' अजून जपून ठेवलंय. कॅलिफोर्नियाच्या डिस्नेलँडमध्ये 'हॉन्टेड मॅन्शन' १९६९ मध्ये सुरू झालं. आपल्याकडे खोपोलीजवळ २०१३ मध्ये इमॅजिका उघडलं, तिथं 'सलीमगड' नावाचा भुताटकीचा किल्ला केला होता. आता मोठ्या शहरांतल्या मॉलमध्येही सिनेमाच्या शेजारी एखादं छोटं भूतघर दिसतं.

यातली सगळ्यात जुनी युक्ती तुम्ही रोज पाहता. रात्री एसटीच्या खिडकीत बाहेर पाहिलं की स्वतःचाच चेहरा अंधारात तरंगताना दिसतो ना? तीच ती. प्रेक्षकासमोर तिरकी काच लावायची आणि बाजूला लपवलेल्या माणसावर उजेड पाडायचा. काच दिसत नाही, आणि माणूस हवेत उभा असल्यासारखा दिसतो. १८६२ मध्ये लंडनच्या रंगमंचावर पेपर नावाच्या गृहस्थांनी ही युक्ती गाजवली, म्हणून तिला 'पेपर्स घोस्ट' म्हणतात. हॉन्टेड मॅन्शनमधली नाचणारी भुतंही याच काचेतून येतात.

आम्ही गेलो ते भूतघर मात्र साधं होतं. काळे पडदे, अरुंद बोळ, एसीची थंड हवा, अचानक वाजणारा भोंगा. तिकीट काही शे रुपयांचं. पाचजण एकामागे एक, खांद्यावर हात ठेवून. आमच्यातला सगळ्यात धिप्पाड गडी पुढे होता. दुसऱ्याच वळणावर कोणीतरी त्याच्या कानाशी फुंकर मारली आणि ८५ किलोचा माणूस सरळ माझ्या पायावर. बाहेर आल्यावर म्हणतो, "म्या भेलो नाई, जागा पाहत होतो." काय जागा पाहत होता, देव जाणे!

पण खरी गंमत बाहेर आल्यावर झाली. मागच्या दाराशी तोंडाला रंग फासलेला एक पोरगा वडापाव खात उभा होता. आत आमच्या मागे साखळी नसलेली करवत घेऊन धावला होता, तोच. त्याच्याशी गप्पा मारल्या. शेवटच्या लोकलनं घरी जातो म्हणाला. घाबरलेले लोक ठोसे मारतात, चष्मे ओढतात, तेही त्यानं हसत हसत सांगितलं.

मग त्यानं एक गोष्ट सांगितली, तीच मला या ट्रिपमधली सगळ्यात महत्त्वाची वाटते. तो म्हणाला, "दादा, आम्ही समोरून अडवत नाही. समोरून अडवलं की माणूस मागे पळतो आणि चेंगराचेंगरी होते. म्हणून मागून घाबरवायचं. मग रांग आपोआप दाराकडे पळते. आणि कोणी गारठून जागेवरच बसलं, की हात वर करायचा. लाईट लागतात, करवत बंद. घाबरवणं अर्धं काम आहे, बाहेर काढणं अर्धं."

म्हणजे बघा, तिथली भीती मोजून-मापून दिलेली असते. डेन्मार्कच्या संशोधकांनी एका भूतघरात ११० लोकांच्या छातीला हृदयाचे ठोके मोजणारं यंत्र लावून हे तपासलं होतं. २०२० मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. फार कमी भीती वाटली तर मजा नाही, फार जास्त वाटली तरी मजा नाही, मधल्या टप्प्यावर मजा सगळ्यात जास्त. भाजीतल्या तिखटासारखंच. आणि ती मजा येते, कारण मनाच्या एका कोपऱ्यात आपल्याला पक्कं माहीत असतं की हे खोटं आहे आणि पुढे दार आहे.

आता ते दारच नसेल तर?

११ मे १९८४. अमेरिकेत न्यू जर्सीच्या एका पार्कमधल्या 'हॉन्टेड कॅसल'ला आग लागली. आतल्या भिंतींना फोम लावलेला, पाणी फवारणारी यंत्रणा नाही. आठ किशोरवयीन मुलं गेली. आणि आपल्या जवळचं सांगायचं तर राजकोटचं गेम झोन, २५ मे २०२४. सुट्टीचे दिवस, शनिवारची संध्याकाळ. पंचवीसहून जास्त माणसं गेली, त्यात लहान मुलं होती. तिथं भूत नव्हतं, भीती वाटावी असं काहीच नव्हतं. खेळणी होती, रंगीत दिवे होते.

म्हणून सुरुवातीचा प्रश्न पुन्हा विचारतो. भूतघरात भीती भरपूर आणि धोका जवळपास शून्य, पण ते नीट चालवलं असेल तरच. आणि एखाद्या चकचकीत हॉलमध्ये भीती शून्य आणि धोका भरपूर, हेही होऊ शकतं. आपलं शरीर भोंग्याला घाबरतं. बंद केलेल्या दाराला घाबरत नाही.

अजून एक दुकान आहे भीतीचं. गावागावात आहे. "तुझ्या पोरीला बाहेरचं लागलंय" म्हणणाऱ्याचं. तिथं तिकीटही घेतात आणि माणसाला मारतातही. धुरी देतात, साखळीनं बांधतात. भूतघरवाला खोटं भूत दाखवतो, पण ते खोटं आहे हे पाटीवर लिहून दाखवतो. हा मात्र खरं आहे म्हणून सांगतो आणि दवाखान्याची वेळ निघून जाते. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी ज्या कायद्यासाठी आयुष्यभर झगडा केला, तो जादूटोणाविरोधी कायदा २०१३ मध्येच, त्यांच्या खुनानंतर झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली कोणाला मारहाण केली तर सहा महिने ते सात वर्षं शिक्षा आहे. आपल्या शेजारी असं काही चाललं असेल, तर हे माहीत असू द्या.

आता परतीचा रस्ता.

भूतघर, वडापाव, मरीन ड्राईव्ह, सगळं होता होता रात्रीचे साडेदहा झाले. आमच्यातला एकजण पारसला कंत्राटावर कामाला आहे. त्याची दुसऱ्या दिवशी सकाळची ड्यूटी. खाडा झाला की पगार कापला. तो म्हणाला, "आत्ता निघू. समृद्धी मोकळी भेटते. सहापर्यंत घरी." गाडी चालवणारा म्हणाला, "मले काय झोप येऊन राह्यली का? फुल्ल फ्रेश हावो मी." आणि खरंच, त्या वेळी कोणालाच भीती वाटत नव्हती. नुकतेच भुतांच्या हातून सुटून आलो होतो!

पण आम्ही ज्या रस्त्यानं परत जाणार होतो, त्याच रस्त्यावर, सिंदखेडराजाजवळ, १ जुलै २०२३ च्या रात्री दीडच्या सुमारास नागपूरहून पुण्याला जाणारी बस उलटून पेटली होती. पंचवीस माणसं गेली. बस डाव्या अंगावर पडली आणि दार खाली दबलं. जे वाचले ते काच फोडून बाहेर आले. विदर्भातले लोक होते ते, आपल्यासारखेच कामाला, शिकायला, नातेवाइकांकडे निघालेले. पुन्हा तेच बघा. दार!

थोडं गणित करू. ताशी १२० च्या वेगानं गाडी सेकंदाला साधारण ३३ मीटर जाते. डुलकी तीन सेकंदांची धरा. शंभर मीटर. म्हणजे शंभर मीटर गाडी कोणीच चालवत नाही. रात्री दोन ते पाच या वेळात शरीर आपोआप मंदावतं, आणि सरळ, एकसारख्या रस्त्यावर डोळ्यांना धरून ठेवायला काही नसतं. खड्डे नाहीत, वळणं नाहीत, गायी नाहीत. रस्ता इतका चांगला की भीतीच वाटत नाही. २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यांवर १ लाख ६८ हजारांवर माणसं गेली. तासाला एकोणीस. पिंपळावरच्या मुंजाचा हिशोब याच्या जवळपासही जात नाही.

तर साडेदहाला रस्त्याच्या कडेला गाडी लावून आमची पंचायत बसली. माय काय म्हणाली होती, ते तिच्या पोरानं आठवण करून दिलं. पारसवाला चिडला. त्याचं चिडणं बरोबरच होतं. "तुम्हाले काय जाते? खाडा माहा होते." ही गोष्ट गंमतीत नेण्यासारखी नाही. आपल्या भागातली बरीच पोरं रात्रीचा प्रवास हौसेनं करत नाहीत. सकाळची ड्यूटी असते, मुलाखत असते, पेपर असतो. एक दिवस थांबायला पैसे लागतात.

मग भूतघरात सगळ्यात जास्त ओरडलेल्या आमच्या त्या धिप्पाड गड्यानंच तोड काढली. म्हणाला, "एका रोजाचे पैसे आपण चौघं वाटून देऊ." हिशोब केला, तर प्रत्येकाच्या वाट्याला भूतघराच्या तिकिटापेक्षा कमी आले. घाबरायला जास्त पैसे दिले होते, सुखरूप घरी जायला कमी लागले. कल्याणला एकाच्या मावशीकडे जाऊन पडलो, सकाळी पोहे खाऊन निघालो आणि संध्याकाळच्या आत खामगाव ओलांडलं. पारसवाल्यानं सुपरवायझरला फोन करून सांगितलं. थोडं ऐकून घ्यावं लागलं त्याला. पण ते झालं.

तर मंडळी, भीती ही भोंग्यासारखी असते. कधी उगाच वाजते, कधी वाजायला हवी तेव्हा वाजतच नाही. म्हणून काही ठिकाणी ती वाटायची वाट न पाहता डोकं वापरायचं. भूतघर, गेम झोन, सिनेमा, लग्नाचा हॉल, कुठंही गेलात तर आत शिरताना बाहेर पडायचं दुसरं दार कुठं आहे ते पाहून ठेवा. कुलूप दिसलं तर विचारा, लाजू नका. बसमध्ये बसलात की संकटकाळी उघडायची खिडकी कुठली ते बघा. रात्री गाडी चालवणाऱ्याला झोप आली तर खिडकी उघडणं, मोठ्यानं गाणी लावणं, तोंडावर पाणी मारणं, हे सगळं पाच मिनिटांचं. चहाचा असर व्हायलाही अर्धा तास लागतो. सुरक्षित ठिकाणी थांबून वीस मिनिटं झोप, तेच कामाचं. आणि मागच्या सीटवरही बेल्ट लावा. आमच्या गाडीत त्यावरून भांडण झालं, पण शेवटी लावला सगळ्यांनी.

आणि भूतघराला जरूर जा! दोस्तांसोबत ओरडायला फार मजा येते. फक्त तो करवतवाला भेटला तर त्याला ठोसा मारू नका. त्याला शेवटची लोकल पकडायची असते.

तुमच्या गावचं भूत कोणतं आणि तुमच्या गावचा धोक्याचा रस्ता कोणता, दोन्ही मला व्हॉइस नोट करून पाठवा. पुढच्या भागात ऐकवतो. तोवर सांभाळून राहा, आणि झोप आली की झोपा. भेटू!