निलगिरीने राखलेली राजधानी

विमानाच्या प्रवासातल्या मधल्या मुक्कामाला आपण फारशी किंमत देत नाही. एस. टी. चहाला थांबावी, तसे ते थांबणे. दक्षिण आफ्रिकेला जाताना माझे विमान इथिओपियाची राजधानी अदिस अबाबा येथे बदलावयाचे होते. सकाळी नऊला उतरलो. पुढचे विमान दुपारी चारचे. प्रवेशपरवाना आधीच काढून ठेवला होता, म्हणून बाहेर पडलो आणि एक टॅक्सी ठरवली.

पहिल्यांदा जाणवली ती थंडी, आणि चार पायऱ्या चढताच लागलेली धाप. आफ्रिका म्हणजे ऊन, या समजुतीने मी नुसत्या सुती सदऱ्यावर गेलो होतो! पण हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे २,३५० मीटर उंचीवर आहे. आपले कळसूबाईचे शिखर १,६४६ मीटर. म्हणजे कळसूबाईच्या डोक्यावर आणखी सातशे मीटर चढून जावे, आणि तिथे लाखो माणसांचे शहर दिसावे. हवा विरळ, त्यामुळे पाणी शंभर अंशांना नव्हे, ब्याण्णवच्या आसपासच उकळते. शिक्षक मंडळींनी मुलांना विचारून पाहावे, की अशा गावात डाळ लवकर शिजेल की उशिरा?

टॅक्सीवाला बोलका निघाला. त्याच्या वडिलांना शाळेत गणित शिकवले ते एका भारतीय गुरुजींनी. सम्राट हैले सेलासी १९७४ साली पदच्युत झाले. त्यांच्या राजवटीत आपल्याकडचे पुष्कळ शिक्षक तिकडे खेड्यापाड्यांतून गेले होते. मीही मास्तर, हे कळल्यावर त्याने दोन्ही हातांनी हस्तांदोलन केले. भाडे मात्र कमी केले नाही. "आठ वाजता विमानतळावर सोडतो," म्हणाला, तेव्हा माझ्या पोटात गोळाच आला. मग उलगडा झाला. तिकडे दिवसाचे तास सूर्योदयापासून मोजतात, आपल्या जुन्या घटिका मोजीत तसे. त्याचे आठ म्हणजे आपले दोन.

गाडी एन्तोतोच्या डोंगराकडे वळली. दोन्ही बाजूंना निलगिरी. उंच, सरळ, दाट, आणि सर्दीच्या तेलाचा तो ओळखीचा वास. मला वाटले, हे इथले मूळचे रान. पण इथिओपियात या झाडाला जे नाव आहे, त्याचा अर्थच 'समुद्रापलीकडचे झाड' असा होतो.

त्याचे असे झाले. सम्राट मेनेलिक याची राजधानी प्रथम याच डोंगरावर होती. वर गारठा फार. खाली उष्ण पाण्याचे झरे होते. त्याची राणी ताइतू हिला ती जागा आवडली, आणि १८८६ साली तिथे वस्ती सुरू झाली. नाव ठेवले अदिस अबाबा, म्हणजे 'नवे फूल'. पण तिथल्या राजधान्यांची जुनी रीत निराळीच होती. राजा, दरबार, सैन्य आणि त्यांच्या हजारो चुली; थोड्या वर्षांत भोवतालचे लाकूड संपे, आणि राजधानीच उठून दुसरीकडे जाई. नव्या फुलावरही तीच पाळी आली. डोंगर बोडके झाले. मेनेलिकने पश्चिमेला अदिस आलेम येथे नवी राजधानी बांधावयास घेतली.

तेवढ्यात, १८९० च्या दशकात, ऑस्ट्रेलियातली निलगिरी तिकडे पोहोचली. झपाट्याने वाढणारी, तोडली तरी बुंध्यापासून पुन्हा फुटणारी. मेनेलिकने ती लावण्यास उत्तेजन दिले. सरपण मिळू लागले, आणि राजधानी हलली नाही. अदिस आलेमच्या राजवाड्याचे पुढे चर्च झाले.

आता तुम्ही म्हणाल, निलगिरी तर पाणी पिते! माझेही मत तेच होते. १९८० च्या दशकात आपल्याकडे नाशिक भागात शेतकऱ्यांनी ती लावली, आणि पुढे तिच्यावर टीकाही भरपूर झाली. एन्तोतोवरही झाडाखाली गवताची काडी क्वचित दिसते. पावसात माती वाहून जाते. २०२० साली या डोंगरावर मोठे उद्यान झाले, आणि आता देशी झाडे परत आणण्याची खटपट चालू आहे. हे योग्यच, असे मी मनाशी म्हणत होतो. तेवढ्यात उतारावरून तीन बाया आल्या. कमरेत पार वाकलेल्या, पाठीवर निलगिरीच्या फांद्यांची भली थोरली मोळी. शहरात ती विकायची, तेव्हा घरी चूल पेटायची. पिढ्यान् पिढ्या हे चालत आले आहे. त्या बायांना पाहून माझ्या मताची धार जरा बोथट झाली, हे कबूल करतो. झाड काढावयाचे, तर त्या मोळीच्या जागी काय ठेवावयाचे, हे आधी ठरवायला नको का?

मी टॅक्सीवाल्याला तेच विचारले. त्याच्या आईनेही मोळ्या वाहिल्या होत्या. तो म्हणाला, "डोंगरावर आमची जुनी झाडे यावीत, असे मलाही वाटते. पण माझी शाळेची फी याच झाडाने भरली आहे."

परतताना रस्त्याकडेला एका बाईने शेगडीवर भाजलेली ताजी कॉफी पाजली. मडक्यासारख्या काळ्या सुरईतून ओतलेली, कडक. शेगडीत कोळसा होता. कशाचा, ते मी विचारले नाही. त्याच्या आठाला मी विमानतळावर होतो.