उरेब आणि करवत
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



मंडळाने मला दोन शब्द बोलायला उभे केले, याबद्दल मी आभारी आहे. माझी शाळा सातवीपर्यंत. तेव्हा पुस्तकातले न सांगता हातातले सांगते.

आमच्या सासूबाईंचे गुडघे धरले. पाटावर बसवेना, आणि पूजा तर चुकवायची नाही. म्हणून त्यांच्यासाठी मी घरीच लाकडाची उंच बैठक केली. मध्ये १८ इंची चौकोनी प्लायवूड, भोवती सागाच्या दीड इंच रुंद पट्ट्यांची चौकट. शेजारणी म्हणाल्या, "करवत धरणे हे का बायकांचे काम?" त्यांना आज उत्तर देते.

चौकटीचा कोपरा दोन पट्ट्या तिरप्या कापून जुळवतात. तो काप ४५ अंशांचा. म्हणजे आपला उरेबच की! ब्लाउजच्या गळ्याच्या पट्टीसाठी आपण कापड याच कोनात कापतो. कागदाचा बिनचूक चौकोन कोपऱ्यावर कोपरा ठेवून दुमडा, की माप हातात आले. सहा किंवा आठ बाजूंची चौकट हवी असेल, तर १८० ला बाजूंच्या संख्येने भागा. चारांना ४५, सहांना ३०, आठांना साडेबावीस.

चार कोपऱ्यांना काप आठ. प्रत्येक काप एकाच अंगाला अर्धा अंश चुकला, तर तीन सांधे जुळतात आणि चौथ्यात ४ अंशांची फट राहते. म्हणून आधी रद्दी लाकडाचे दोन तुकडे कापावेत, जोडून गुण्याला लावून पाहावेत. रेघ पेन्सिलीने न मारता धारदार सुरीने मारावी. करवत बारीक दात्यांची घ्यावी व दाबू नये, नुसती चालवावी. समोरासमोरच्या पट्ट्या एकत्र धरून लांबी जुळवावी. कोन बरोबर असूनही एक पट्टी आखूड असेल, तर सांधा मिटत नाही.

कापलेले टोक सरस पिऊन टाकते. म्हणून एक पातळ हात द्यावा, थोडे थांबून दुसरा द्यावा. मग कोपऱ्यांना पुठ्ठा लावून चौकटीभोवती सुतळी आवळावी. दोन्ही कर्ण दोऱ्याने मोजावेत. सारखे भरले तर चौकट काटकोनात आहे.

लाकूड वाळलेलेच घ्यावे. पावसाळ्यात ते रुंदीत फुगते, तेव्हा सांधा बाहेरच्या टोकाला उघडतो. उन्हाळ्यात आकसते, तेव्हा आतल्या टोकाला. पट्टी अरुंद असली की हा त्रास कमी.

आणि सर्वांत महत्त्वाचे ऐका. हा सांधा दिसायला सुबक, पण भार घेणारा नव्हे. माणसाचे वजन पेलायचे ते पायांनी. म्हणून पायांना खोबणी पाडून आडव्या पट्ट्यांची टोके त्यांत घट्ट बसवावीत. म्हाताऱ्या माणसाला बसवायचे, तिथे नुसत्या सरसावर विसंबू नये. सासूबाईंना बसवण्यापूर्वी मी स्वतः त्या बैठकीवर बसून, डुलून पाहिले.

भगिनींनो, या कामाला दंडाचे बळ लागत नाही; लागते ती नजर, माप आणि धीर. शिवणकाम करणाऱ्या प्रत्येकीपाशी ही शिदोरी आहेच. ज्यांना शिकायचे असेल, त्यांनी दुपारी खुशाल आमच्याकडे यावे. करवत मी देईन, रद्दी लाकूड तुम्ही आणा.