शरण आलेल्यांचा हिशेब



चालकांनी मला विषय दिला तो युद्धातील बंदिवान, त्यांच्याविषयी सरकारची जबाबदारी आणि वृत्तपत्रांचा पक्षपात असा. या विषयावर बोलताना जिनिव्हा, न्यूरेंबर्ग अशी लांबची नावे घेऊन सुटका करून घेता येते. पण निलंगा, उदगीर, अहमदपूर हे तालुके १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यात होते आणि १९४८ साली तो जिल्हा हैदराबाद संस्थानात होता. तेव्हा दाखला शोधावयास आपणांस वेशीबाहेर जावयाचे कारण नाही.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा संस्थानात शिरल्या. १७ तारखेला निजामाने हार पत्करली आणि दुसऱ्या दिवशी जनरल एल इद्रूस मेजर जनरल चौधरी यांना शरण आले. रणगाडे, विमाने घेऊन केलेल्या या मोहिमेस आपण 'पोलीस कारवाई' म्हणतो. नाव मोठे सोयीचे आहे! युद्धच नाही म्हटले की युद्धकैद्यांचे नियमही कोणी विचारीत नाही.

त्यापूर्वीचे वर्ष कसे गेले हे या भागातील घराघराला ठाऊक आहे. रझाकारांचा म्होरक्या कासीम रझवी लातुरास वकिली करीत असे. मे १९४८ मध्ये बीदर जिल्ह्यातील गोरटा गावी कत्तल झाली. स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगात होते. 'इमरोज' या उर्दू पत्राचे संपादक शोएबुल्ला खान यांनी विलीनीकरणाची बाजू घेतली, म्हणून ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादच्या रस्त्यावर त्यांचा खून पडला. संपादक मुसलमान, भाषा उर्दू, तरीही लिहिले ते स्वतःला पटले ते. पक्षपाती वृत्तपत्रांविषयी बोलताना या गृहस्थाचे नाव आधी घ्यावयास हवे, कारण आपल्याच लोकांना न रुचणारे छापण्याची किंमत त्याने मोजली.

आता पुढचे पान. हे बोलताना सभेत थोडी चुळबूळ होते, हा माझा अनुभव आहे. पण बोललेच पाहिजे. विजयानंतर मुसलमान वस्त्यांवर जे गुदरले, त्याच्या वार्ता दिल्लीस पोचल्या. तेव्हा पंतप्रधान नेहरूंनी पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आणि मौलाना अब्दुल्ला मिसरी यांना इकडे धाडले. नोव्हेंबरच्या अखेरीपासून २१ डिसेंबरपर्यंत ते संस्थानात हिंडले. त्यांचा अंदाज असा, की पोलीस कारवाईच्या वेळी आणि नंतर निदान २७ ते ४० हजार माणसे मारली गेली. सर्वांत जास्त झळ लागलेले जिल्हे चार : उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड. या चारच जिल्ह्यांत निदान १८ हजार! फौजेची शिस्त पुष्कळ ठिकाणी चांगली होती, असे त्यांनी नमूद केले. शेजाऱ्यासाठी जीव धोक्यात घालणारे हिंदूही त्यांना भेटले. पण काही ठिकाणी सशस्त्र शिपायांनी प्रौढ मुसलमान पुरुषांना बाहेर काढून थंडपणे ठार केले, हेही त्यांनी लिहिले.

सरदार पटेलांना हा अहवाल एकांगी वाटला. सरकारने तो प्रसिद्ध केला नाही. काही उतारे १९८८ मध्ये बाहेर आले आणि पुरा अहवाल दिल्लीच्या नेहरू स्मारक ग्रंथालयात वाचावयास मिळू लागला तो २०१३ साली. पासष्ट वर्षे! रझाकारांवर खटले चालले, रझवी १९५७ पर्यंत तुरुंगात होता; ते न्याय्यच झाले. मात्र निःशस्त्र माणसाचा जीव ज्याच्या हाती असतो, तो कोणत्या पक्षाचा हे पाहून हिशेब मागावयाचा नसतो. सरदारांचा आक्षेप खरा मानला, तरी त्यावरचा इलाज दुसरी, अधिक काटेकोर चौकशी हा होता. कागद कपाटात ठेवणे हा नव्हे.

आणि छापखान्याचे काय? आपल्याकडील मुक्तिलढ्याची बहुतेक पुस्तके १७ सप्टेंबरला संपतात. पराभूतांच्या बाजूने लिहिलेली बरीचशी पुस्तके १३ सप्टेंबरला सुरू होतात. दोघेही खोटे लिहीत नाहीत, आणि वाचक मात्र दोन्हीकडे फसतो. गोरट्याचे नाव एकाला ठाऊक नाही, सुंदरलालांचे दुसऱ्याला.

कायदा मागाहून आला. नवे जिनिव्हा करार १२ ऑगस्ट १९४९ चे. शस्त्र खाली ठेवलेल्याला मारू नये, हे बंधन त्यांनी देशांतर्गत लढ्यांनाही लावले. आपल्या संसदेने १९६० मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदा केला. १९७१ मध्ये शरण आलेले सुमारे ९३ हजार बंदिवान आपण सांभाळून परत पाठविले, याचा अभिमान जरूर बाळगावा. ज्या सरकारला ते साधले, त्याला १९४८ चा कागद अधिकृतपणे छापणे जड जाऊ नये.

तोवर आपण एवढे करू शकतो. १७ सप्टेंबरला येथे झेंडावंदन होते. त्या आठवड्यात गावच्या ग्रंथालयात शोएबुल्ला खानाची हकीकत, गोरट्याची हकीकत आणि सुंदरलाल अहवालाचा मराठी मजकूर एकाच मेजावर ठेवावा. मजकूर मराठीत उतरवून देण्याचे काम मी घेतो; जुन्या उर्दू कागदांसाठी उर्दू जाणणारा एखादा शिक्षक मात्र तुम्ही मिळवून द्या.